कणीस न येणारी कुंडी

भर मे महिन्यात घरात शाल पांघरून बसलेली बाई मी अख्ख्या मुलुंडमध्ये एकच पाहिली. बाहेर माणसं उकडून निघतायत, रिक्षावाले गळ्यात ओला रुमाल टाकून बसलेत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नाबर मॅडमच्या त्या दोन खोल्यांत शिरलं की पायांना थंडी वाजायची. खिडक्यांना ओलं गोणपाट. पंखा होता, पण तो फिरताना मी कधी पाहिला नाही. भिंतींना पोपडे, गादीला कुबट वास, आणि मधोमध जेवणाच्या टेबलावर एक काचेची पेटी. पेटीत पसरट मातीची एक कुंडी. मॅडम जेवायच्या खाली, पाटावर. टेबल कुंडीचं होतं.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तरी कुठल्या जिन्यात तसा दमट वास आला की मी मागे वळून बघते. खोटं कशाला सांगू?

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले. राहायला नाहूरला, त्यामुळे कॉलेज म्हणजे एका बसचा प्रश्न. मॅडम आमच्या विभागप्रमुख. बुटक्या, सावळ्या, पदर कायम खोचलेला, पायात रबरी सँडल. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं गपचूप पुढे येऊन बसायची. रागवायच्या नाहीत, चहा प्यायच्या नाहीत, लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायची कोणाची टाप नव्हती.

एक खोड मात्र विचित्र. त्या कोणाला काही आणायला सांगायच्या नाहीत. म्हणजे कधीच नाही. खडू संपला तर भरला वर्ग तसाच बसवून, तीन जिने उतरून स्वतः ऑफिसात जायच्या. आमचा शिपाई कुरकुरायचा, "मॅडमना आपल्या हातचं चालत नाय वाटतं." प्राचार्यांना वाटायचं बाई फार साध्या. मला वाटायचं बाई हट्टी. एकदा मी आपलं चांगुलपणानं म्हटलं, "मॅडम, तुम्ही बसा ना, स्लाइडचा डबा मी आणते." तर अशा ओरडल्या माझ्यावर, "जागची हलू नकोस, वैजू!", की प्रयोगशाळेतली पोरं चिडीचूप. मग स्वतःच डबा घेऊन आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, "चुकलं गं माझं." एका डब्यापायी एवढं? मला काही समजेना, आणि खरं सांगायचं तर रागच आला.

त्यांचा सगळा जीव सेलाजिनेलात. नाव मोठं, झाड एवढंसं. नेच्याचं दूरचं भावंड म्हणा. लांबून बघाल तर शेवाळ वाटेल, जवळून बघाल तर प्रत्येक फांदी वेणी घातल्यासारखी. डोंगरावर, ओल्या खडकाला धरून वाढतं. फूल नाही, फळ नाही. फांदीच्या टोकाला बारीकसं चौकोनी कणीस येतं, त्यात बीजाणू. आणि ते कणीस हाती आल्याशिवाय ही जात कुठली, हे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट. मॅडमचं आयुष्य त्या साध्या गोष्टीत अडकलं होतं.

कुंडीतलं झाड कर्जतच्या पलीकडच्या एका कड्यावरचं. कुठला कडा, ते त्या सांगत नसत. झाड सापडलं तेव्हा लालसर होतं, खुरटं, पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी न जुळणारं. "नवीन असणार," मॅडम म्हणायच्या. "फक्त कणीस येऊ दे." त्याला नळाचं पाणी चालायचं नाही, त्यातल्या औषधानं टोकं करपायची. म्हणून गॅलरीत पावसाच्या पाण्याची दोन पिंपं. माती म्हणजे जांभ्या दगडाचा चुरा आणि पानांचं कुजकं खत. कुंडीखाली भिजवलेली वीट. उन्हाळ्यात रोज दोनदा गोणपाट ओलं करायचं. एका झाडासाठी बाईंनी मुलुंडमध्ये डोंगर आणून ठेवला होता, आणि स्वतः त्यात खोकत राहत होत्या.

खालच्या मजल्यावर शहा म्हणून एक भला माणूस. त्याच्या बाथरूमच्या छताला कायम ओल. एक दिवस वर येऊन तणतणला, "मॅडम, माझ्या छताला हिरवं हिरवं उगवलंय. बघून घ्या एकदा, नायतर मी सोसायटीत कम्प्लेंट टाकणार." मॅडम लगेच उठल्या, मला घेऊन खाली गेल्या, स्टुलावर चढल्या, आणि त्याचं छत सुरीनं नीट खरवडून सगळं शेवाळ कागदात बांधून घेतलं. स्टुलावरून उतरून उलट त्यालाच म्हणाल्या, "थँक यू हं." शहा बघतच राहिला. मला जिन्यात विचारतो, "काय हो, मॅडमची तब्येत बरी आहे ना?" कम्प्लेंट काही त्यानं टाकली नाही. उलट त्याची बायको कधीमधी वाटीभर खिचडी वर पाठवायची.

पण सगळंच काही असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एका ऑक्टोबरात आम्ही मुलांना घेऊन बोरिवलीच्या उद्यानात गेलो होतो. मॅडम चालल्या की गवताच्या काडीवरही तास घ्यायच्या. आम्ही एका ओढ्याकाठी आलो. तिथे खडकावर सेलाजिनेला नुसता गालिच्यासारखा पसरलेला, नेहमीची जात, पोरं त्यावर पाय देऊन पाणी पीत होती. एक मुलगी मूठभर उपटून धावत आली. "मॅडम, मॅडम, कणीस! केवढी कणसं आलीत बघा!"

मॅडमनी तोंड फिरवलं. "टाकून दे," म्हणाल्या.

"पण मॅडम, तुम्हीच म्हणता ना..."

"टाकून दे म्हटलं ना!" आणि भराभरा पुढे चालायला लागल्या. ज्या बाईचा अर्धा जन्म सेलाजिनेलात गेला तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये? त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

दरवर्षी नवरात्र संपलं की त्यांच्याकडे एक बाई यायच्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या, सुमतीबाई घाडी. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. दारातूनच विचारायच्या, "बाई, इला काय कणीस?"

"नाही हो अजून, सुमतीबाई."

"नाय? जावंदे. येतला." मग पेटीसमोर वाकून त्या झाडाला दटावायच्या, "मेल्याक सगळ्याक उशीर. लग्नाकसुदा उशिरानच इल्लो. माज्या बापाशीन मांडवात वाट बघितली दोन घंटे!" हसायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. मॅडम हसायच्या नाहीत. वडीचा तुकडा हातात धरून बसायच्या. तो खाल्लेला मी पाहिला नाही.

मी विचारलंच एकदा. सुमतीबाई गेल्यावर मॅडमनी दाराला कडी घातली आणि माझ्याकडे पाठ करून गोणपाटावर पाणी मारत मारत सगळं सांगितलं.

सुमतीबाईंचे यजमान, घाडी, आमच्याच प्रयोगशाळेतले मदतनीस होते, माझ्याआधीचे. कोकणात डोंगरात वाढलेले, झाडांची शास्त्रीय नावं मालवणी हेलात घडाघडा म्हणायचे. मॅडम आणि ते दोघं त्या कड्यावर गेले होते. खाली पंधरावीस हातांवर एका कपारीत लालसर काहीतरी दिसलं. घाडी उतरले. मुळासकट झाड काढलं, टोपीत ठेवलं आणि वर आले.

"वर आले होते गं ते," मॅडम म्हणाल्या. "धडधाकट. घाम पुसत माझ्यासमोर उभे होते. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. टोपीत बघितलं आणि म्हटलं, घाडी, ह्याला कणीस नाही. कणीस असलेली एखादी फांदी बघता का? ते म्हणाले, बघतंय बाई, तुमी बसा. आणि पुन्हा उतरले."

दगड निसटल्याचा आवाज आला तेवढाच. हाक नाही, काही नाही.

"सुमतीबाईंना काय माहीत आहे?"

"झाड आणताना पाय घसरला, एवढंच. एकदा वर आले होते, हे त्यांना माहीत नाही. मी पाठवलं हे माहीत नाही." पाणी मारायचं थांबून त्या वळल्या. "मी त्यांना शब्द दिलाय, वैजू. ह्या झाडाला घाडींचं नाव द्यायचं. जगातल्या प्रत्येक पुस्तकात छापून येईल. निदान तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

खडू, स्लाइडचा डबा, "जागची हलू नकोस", सगळ्याचा अर्थ एकदम लागला. मी कसलाही विचार न करता म्हटलं, "येईल मॅडम. ह्या वर्षी नक्की येईल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही वाईट बोलले असं मला वाटलं.

नंतरच्या एका पावसाळ्यात त्यांचा खोकला वाढला. छातीत कफ, ताप, धाप. डॉक्टर घर बघायला आला आणि सोसायटीच्या लोकांनाच ओरडला, "ह्या ओलीत माणूस राहतो? वाट लागली ना फुप्फुसांची!" ऐन नवरात्रात त्यांना जवळच्या नर्सिंग होममध्ये हलवलं. किल्ली माझ्याकडे दिली. "पाणी घाल, बाकी काही करू नकोस," म्हणाल्या. मग दोन दिवसांनी पुन्हा, "वैजू, मला सोडतायत का विचार ना. नुसतं एका दिवसापुरतं. घरी एक काम आहे." डॉक्टर कसला सोडतो! तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "टोकांकडे बघू नकोस हं." मी म्हटलं तापात बोलतायत.

सतराव्या दिवशी मी पेटीचं झाकण उचललं आणि किंचाळलेच. कणसं आली होती. एक नाही, दोन नाही, प्रत्येक फांदीच्या टोकाला. मी तिथल्या तिथे नाचले, देवाशप्पथ. एवढ्या वर्षांचं सार्थक झालं म्हणून मला रडू यायला लागलं. एक कणीस नमुन्याला काढून ठेवावं म्हणून कागदाची पुडी शोधायला मी टेबलाचा खण उघडला.

खणात पुड्या होत्या. वर्तमानपत्राच्या, आम्ही घालतो तशा घड्या घालून, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीवर मॅडमच्या बारीक अक्षरात वर्ष आणि महिना. मी एक उघडली. आत वाळलेली कणसं. दुसरी उघडली. कणसं. दरवर्षीची एक. सगळ्यात जुनी पुडी घाडी गेले त्या वर्षीची होती, पुढच्याच महिन्याची. म्हणजे टोपीत घालून त्यांनी पहिल्यांदा वर आणलेल्या ह्याच झाडाला महिन्याभरात कणीस आलं होतं. थांबलं असतं तर पुन्हा उतरायची गरजच नव्हती.

बाई दरवर्षी कणसं येताच चिमट्यानं खुडत होत्या, पुडीत बांधून ठेवत होत्या, आणि सुमतीबाईंना "नाही अजून" म्हणत होत्या. वनस्पतिशास्त्राची बाई, टाकून तर देववत नाही, आणि बघायचा धीर नाही.

बघायचा धीर का नाही, हे मला माझ्या पर्समधलं भिंग कणसाला लावल्यावर कळलं. पुन्हा पुन्हा बघितलं. पुस्तकं काढून बघितलं. जात बोरिवलीचीच होती. ओढ्याकाठी पोरं जिच्यावर पाय देऊन पाणी पितात ती. कड्यावर उन्हावाऱ्यात खुरटली म्हणून लाल दिसत होती, एवढंच. ह्या घरच्या ओलीत ती वर्षागणिक हिरवी, नेहमीसारखी होत गेली, आणि मॅडमना ते दिसलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. कणीस येत नाही तोवर झाड नवीन. कणीस आलं की माणूस फुकट गेला. घाडींचा मृत्यू असा फुकट जाऊ नये म्हणून ही बाई दरवर्षी टोकं खुडत होती. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिला कुशीत घ्यावंसं वाटलं.

पुड्या परत खणात घालते न घालते तोच दार वाजलं. सुमतीबाई. डबा घेऊन.

"बाई खंय?"

"आजारी आहेत, दवाखान्यात. तुम्ही बसा, मी पाणी..." मी पेटीच्या आड उभी राहिले. पण मी काय कपाट आहे, सगळं झाकायला? त्या बाजूनं वाकल्या.

"ह्यां काय? गो बाय, ह्यां काय? बाईंनी माका चित्र काडून दाखवलेला, तसाच आसा." आवाज एकदम बारीक झाला. "इला?"

माझ्या तोंडून "हो" गेलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी दोन्ही हात जोडले, कपाळ काचेला टेकवलं आणि हुंदके देत राहिल्या. मग डोळे पुसून हुकूम सोडला, "चल. ह्यां घेऊन चल. बाईंका दाखवूक व्हया."

रिक्षात कुंडी सुमतीबाईंच्या मांडीवर होती. रस्त्यातला एकेक खड्डा चुकवायला त्या रिक्षावाल्याला दम देत होत्या. काय करावं, कोणाला काय सांगावं, मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. सुमतीबाईंनी कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "बाई, इला! आता नाव घाला."

मॅडमनी कणसं बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"हो, सुमतीबाई," त्या म्हणाल्या. "आता घालायला हवं."

सुमतीबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. लगेच नर्सला सांगायला लागल्या. तिथून त्यांचा आवाज येत होता, "माज्या घोवाच्या नावाचा झाड आसा तां. पुस्तकात छापतले."

"बघितलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"भिंग आहे ना पर्समध्ये?"

"आहे. पण मी नाही बघितलं, मॅडम. खरंच नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी भिंग दिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, त्यांचा हात धरायला हवा होता. मी मेली घाबरट. "डॉक्टरांना भेटून येते," म्हणून दाराकडे गेले. त्यांनी अडवलं नाही.

दारातून मी मागे बघितलं. मॅडमनी कुंडी खिडकीच्या उजेडाकडे वळवली होती. भिंग डोळ्याला लावून एक कणीस बोटांत धरलं होतं, आणि बघत होत्या. किती वेळ बघत होत्या सांगता येणार नाही. बाहेर सुमतीबाई नर्सला वडी खायचा आग्रह करत होत्या. मग मॅडमचा भिंग धरलेला हात खाली आला. पलंगाच्या कडेवरून त्या पुढे वाकल्या, जमिनीकडे, आणि मी ज्या आवाजात त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा मोकळ्या, चढ्या आवाजात म्हणाल्या, "घाडी, राहू दे ते. वर या."

उत्तराची वाट बघत तशाच वाकून राहिल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या, "वर या हो."